दहाचं वर्तुळ केवढं असतं?

इचलकरंजीजवळच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. यंत्रमागाचा छोटा धंदा, आठ माग. मुलगी २२ वर्षांची, बी.कॉम. झालेली. शाळेत असताना दहा मीटर एअर रायफलने नेमबाजीला सुरुवात केली. गेली दोन वर्षं ५० मीटर थ्री पोझिशन खेळते, म्हणजे निलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पोटावर झोपून) आणि स्टँडिंग (उभं राहून), तेही क्लबच्या रायफलवर. राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या मावळणकर स्पर्धेला गेली, तिथून राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरली. प्रशिक्षक म्हणतात, आता स्वतःची रायफल घ्या. .२२ बोअरच्या रायफलीचा परवाना मुलीच्या नावावर झाला आहे. समोर तीन पर्याय आहेत. पुण्यातल्या एका निवृत्त नेमबाजाची जुनी अनशुट्झ १९१३. नवी वॉल्थर केके ५००. आणि नवी स्विस ब्लायकर, जिचं कोटेशन वॉल्थरच्या जवळपास दीडपट आहे. ब्लायकर घ्यायची तर आठातले दोन माग विकावे लागतील, आणि वडिलांची तयारी आहे. ते लिहितात, "एकदाच घ्यायची तर वरचीच घ्यावी. दुकानदार म्हणतो स्विस बॅरल कधी चुकत नाही. आणि ताई, खरं सांगतो, हातात भारी हत्यार असलं की पोरगी मोठ्या शहरातल्या मुलींपुढे दबणार नाही. कोणती घेऊ तेवढं सांगा."

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिन्ही रायफलींची माहिती तुम्ही इतकी नेटकी गोळा केली आहे की पुष्कळ नेमबाजांनाही ती तशी मांडता येणार नाही. बॅरल (नळी) केवढी, ट्रिगर किती ग्रॅमवर, कोटेशन कुणाचं किती, सगळं आहे. एकच गोष्ट सापडली नाही. मुलगी काय म्हणते? चार पानांत तिचं एक वाक्य नाही. शेवटच्या पानावर 'तिला सरप्राइज द्यायचं आहे' असं लिहिलंय, तिथे मी थबकले. स्कूटर सरप्राइज देता येते. पायातला जोड आणि खांद्याची रायफल या वस्तू दुसऱ्याने पसंत करून चालत नाहीत. शिवाय परवाना तिच्या नावावर आहे, म्हणजे खरेदीला ती लागणारच. तेव्हा तुमचा बेत कायद्यानेच मोडलाय, वाईट वाटून घेऊ नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या सगळ्या हिशेबाच्या बुडाशी एक गृहीत आहे: रायफल जितकी वरची, तितके गुण वर. ते एकदा तपासून बघू. त्यासाठी मॉडेलं बाजूला ठेवा आणि घरातली पट्टी घ्या.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणापेक्षा किंचित लहान. ऐकायला भयंकर वाटतं. पण .२२ ची गोळी स्वतः ५.६ मिलिमीटर जाडीची, आणि नियम असा की भोकाची कड दहाच्या रेषेला नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतो. एकूण सोळा मिलिमीटरची मोकळीक झाली. आता तुमच्या यादीतली कुठलीही रायफल घ्या, तिला मानवणाऱ्या काडतुसांचा लॉट घ्या, रायफल शिकंज्यात घट्ट धरा आणि दहा गोळ्या मारा. सगळी भोकं बाहेरच्या कडा धरून पंधरा-सोळा मिलिमीटरच्या आत पडायला हवीत, म्हणजे मध्य धरून जेमतेम दहा मिलिमीटर. दहाच्या मोकळिकीत हा सगळा पुंजका आरामात मावतो. तिन्ही रायफलींत जो फरक असेल तो या पुंजक्यात एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा. रायफलीच्या चुकीपेक्षा दहाचं वर्तुळच मोठं आहे, दादा. जुनी असो, नवी असो, स्विस असो.

एक कबुली देते, नाहीतर जाणकार मला धरतील. प्रोनच्या स्पर्धेत आणि थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तिथे दर ०.८ मिलिमीटरला गुणाचा एक दशांश जातो. त्या पातळीवर पोचलेल्या माणसाने स्विस बॅरलसाठी जीव टाकला तर मी हसणार नाही. पण मुलीला पात्रता फेरीत पूर्ण अंकांचेच गुण मिळतात, आणि तुम्ही कळवलेला तिचा आकडा सहाशेपैकी ५७०च्या घरातला आहे. साठ गोळ्यांत तिचे जवळपास तीस गुण जातात. त्यांतला एकही बॅरलमुळे जात नाही असं मी म्हणणार नाही. पण शोधायला निघालात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही सापडायचे नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला याच प्रकारात कांस्य मिळवलं. पात्रता फेरीत त्याचे ५९० होते आणि तो सातवा आला होता. निलिंगमध्ये १९८, प्रोनमध्ये १९७, स्टँडिंगमध्ये १९५. रायफल तीच, बॅरल तीच, त्याच दीड तासातली. तरी बसून दोन गुण गेले आणि उभं राहून पाच. बॅरलला उभं-बसलेलं कळत नाही, अंगाला कळतं.

मग गुण जातात कुठे? इथे जरा निवांत बसू, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

रायफलीच्या मागच्या डायॉप्टरपासून (डोळ्यापाशी असलेली बारीक भोकाची साइट) पुढच्या फोरसाइटपर्यंत (नळीच्या तोंडापाशी असलेली साइट) साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर अंतर असतं. या दोन्हींच्या रेषेत एक दशांश मिलिमीटर फरक पडला, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा, तर ५० मीटरवर गोळी सहा मिलिमीटर सरकते. टार्गेटवर दोन वर्तुळांमधलं अंतर आठ मिलिमीटर. म्हणजे गाल चीकपीसवर (दस्त्यावरच्या गालपट्टीवर) एक कागद वर किंवा एक कागद खाली टेकला की जवळजवळ पाऊण गुणाची जागा हलू शकते. गाल प्रत्येक गोळीला त्याच जागी, त्याच भाराने टेकायला हवा. तो कधी टेकेल? मान न ताणता, खांदा न उचलता, स्टॉक (दस्ता) आपणहून गालाशी आला तर. यालाच आम्ही 'रायफल बसणं' म्हणतो. एखादं ब्लाउज अंगाला बसतं आणि एखादं नाही बसत, कापड कितीही भारी असो, तसंच हे.

माझीच गोष्ट सांगते. माझी पहिली स्वतःची रायफल जुनी होती, लाकडी स्टॉकची, एका उंचापुऱ्या गृहस्थांकडून घेतलेली. बॅरल अप्रतिम. विकणाऱ्याने ग्रुप, म्हणजे गोळ्यांचे पुंजके, काढून दाखवले, मी हुरळून गेले. माझी उंची पाच फूट एक इंच. बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) पूर्ण आत घेतली तरी स्टॉक मला लांब पडायचा, ट्रिगरपर्यंत बोट पोचवायला मनगट वळवावं लागायचं. दोन हंगाम मी मान अवघडून घेतली आणि गुण घसरले. सगळे म्हणायचे, बॅरल गेली असेल. शेवटी आमच्या आळीतल्या सुताराने मोठ्या धीराने स्टॉकचा मागचा दोन सेंटिमीटर तुकडा करवतीने उतरवला. करवत लागताना मी तोंड फिरवून उभी होते. त्या महिन्यात माझा स्टँडिंगचा आकडा सहाने वाढला. बॅरल तीच होती.

तुमच्या पत्रात मुलीची उंची पाच फूट एक, वजन ४८ किलो. म्हणून हे एवढं लांबण लावलं.

या दृष्टीने तिन्ही रायफली पुन्हा बघू.

अनशुट्झ १९१३ म्हणजे जुनं खानदान. तिची ५४ नंबरची ॲक्शन (काडतूस भरण्या-उडवण्याची यंत्रणा) १९५०च्या दशकापासून घासूनपुसून सुधारत आलेली आहे. भारतातल्या रेंजांवर तिच्या इतक्या पिढ्या नांदल्यात की फायरिंग पिन, स्प्रिंग, ट्रिगरचा एखादा भाग कुणाकडे ना कुणाकडे मिळतो आणि ती उघडून लावणारा माणूसही मिळतो. हा फायदा कोटेशनमध्ये दिसत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या आदल्या दिवशी दिसतो. वॉल्थरही त्याच गावची. दोन्ही कारखाने मूळ थुरिंगियातल्या झेला-मेलिसचे, दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण जर्मनीतल्या उल्मला आले. केके ५०० ही अलीकडची रचना आहे. ॲल्युमिनियमच्या स्टॉकवर सगळं पुढे-मागे, वर-खाली, तिरकं करता येतं. ब्लायकर म्हणजे स्वित्झर्लंडमधला छोटा कारखाना, काम अतिशय देखणं, ॲक्शन लोण्यासारखी चालते. मी हातात घेतली आहे आणि मोह झाला होता, खोटं का बोलू. पण भाग लागला तर तो तिथूनच यायचा, आणि हत्याराचा भाग म्हणजे मोबाइलचं कव्हर नव्हे की चार दिवसांत कुरिअरने दारात आला.

थ्री पोझिशनच्या नेमबाजाने या तिघींत जो खरा फरक बघायचा तो वेगळाच आहे. नव्वद मिनिटांत निलिंग, मग प्रोन, मग स्टँडिंग, आणि मधल्या बदलांचा वेळही त्यातच. प्रत्येक बदलाला बटप्लेट, चीकपीस, हँडस्टॉप (पुढच्या हाताचा टेकू) हलवायचं. निलिंगसाठी चीकपीस एका उंचीवर, प्रोनला दुसऱ्या, स्टँडिंगला तिसऱ्या. ते बरोबर कालच्याच जागी आलं का, हे कळायला स्टॉकवर कोरलेली मोजपट्टी लागते. ज्या स्टॉकवर अशा खुणा स्पष्ट आहेत आणि स्क्रू घट्ट केल्यावर भाग तसूभर सरकत नाही, तो स्टॉक थ्री पोझिशनला चांगला. जुन्या १९१३ला लाकडी स्टॉक असेल तर इथे ती मागे पडते. पण अनेकांनी जुन्या ॲक्शनला नवा ॲल्युमिनियमचा स्टॉक बसवलेला असतो. पुण्याच्या गृहस्थांची कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी तेवढं विचारा, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

दुसरी गोष्ट बोल्टची. प्रोनमध्ये डावं कोपर जमिनीवर रोवलेलं, स्लिंग (रायफलीचा पट्टा) दंडाला आवळलेली. गोळी झाली की उजव्या हाताने बोल्ट ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, बोल्ट पुढे. हे करताना डोकं मागे घ्यावं लागतं का, ते बघा. बोल्टचा मागचा भाग गालापाशी येत असेल तर दर गोळीला गाल उचलावा लागतो. मग तो कागदाच्या जाडीचा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने मांडायचा. लहान चणीच्या मुलींना हा त्रास जास्त, कारण त्यांचं डोकं स्टॉकवर पुढे येतं. कॅटलॉगमध्ये हे कुठेही लिहिलेलं नसतं. पोटावर झोपून वीस वेळा बोल्ट ओढल्याशिवाय कळत नाही. डावखुऱ्या नेमबाजाने तर उजव्या हाताची रायफल 'जमवून घेईन' म्हणून घेऊच नये. प्रोनमध्ये हात बदलायला जागाच नसते.

आता दुकानदाराच्या वाक्याकडे येते. स्विस बॅरल कधी चुकत नाही. दादा, तुम्ही मागवाले आहात, तुम्हाला हे मी काय सांगायचं? मधेच एका लॉटचं सूत संपून दुसऱ्या लॉटचं लागलं की कापडावर पट्टा पडतो. माग तोच, कारागीर तोच, काउंट तोच, तरी रंगाईला गेल्यावर पट्टा उमटतोच. .२२ च्या काडतुसांचं अगदी हेच आहे. डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो. एलेचं टेनेक्स असो, लापुआचं असो, आरडब्ल्यूएसचं असो, एकाच नावाच्या दोन लॉटांत फरक असतो, आणि एका बॅरलला भावलेला लॉट शेजारच्या बॅरलला भावेलच असं नाही. महागाचं काडतूस एखादी बॅरल नाकारते आणि त्याखालच्या दर्जाचं आवडीने खाते, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून वेगवेगळ्या लॉटांचे पन्नास-पन्नासचे डबे आणायचे, रायफल टेकूवर पक्की करून प्रत्येकाचे दहा-दहाचे चार ग्रुप काढायचे, आणि जो लॉट सगळ्यांत घट्ट पडेल तो वर्षभराचा एकदम उचलायचा. एक करा, मेक बदलला की पहिल्या पंचवीस-तीस गोळ्या मोजू नका. प्रत्येकाचं मेण वेगळं, बॅरलला त्याची सवय व्हावी लागते.

वर्षाला किती लागतील? आठवड्यातून चार दिवस, दिवसाला ८० गोळ्या, ४५ आठवडे. चौदा हजार चारशे. तुमच्या क्लबच्या पावतीवरच्या दराने हा आकडा गुणा आणि शेजारी ब्लायकर व वॉल्थरच्या किमतीतला फरक लिहा. त्या फरकात चांगल्या लॉटची किती महिन्यांची बेगमी होते ते बघा. ज्या मुलीकडे मध्यम रायफल आणि पोटभर काडतुसं आहेत, ती भारी रायफल घेऊन आठवड्याला शंभर गोळ्या मोजून मारणाऱ्या मुलीच्या पुढे जाते. हे मी वीस वर्षं बघत आले आहे.

कोटेशन पुन्हा उघडा आणि त्यात साइट्स आहेत का बघा. पुष्कळदा नवी रायफल साइट्सशिवाय येते. डायॉप्टर, फोरसाइट, कधीकधी बॅरलच्या पुढे जोडायची नळीसुद्धा वेगळी घ्यावी लागते. जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लव्ह, निलिंग रोल (गुडघ्यावर बसताना पायाखाली घ्यायची गुंडाळी) तिच्याकडे एअर रायफलपासूनचं असेल तर तेही आता अंगाला कितपत बसतं ते पाहा. सैल झालेलं जॅकेट आणि नवीकोरी रायफल ही जोडी मी फार पाहिली आहे.

जुनी रायफल घ्यायला तुम्ही बिचकताय, ते पत्रातून कळतं. वापरलेली म्हणजे झिजलेली, असं तुम्ही धरून चाललात. .२२ ची गोळी मऊ शिशाची आणि दारू थोडी, त्यामुळे चांगली मॅच बॅरल हजारो नव्हे, दहा-दहा हजारांच्या पटीत गोळ्या झेलते. ती बिघडते ती बहुतेक वेळा साफ करणाऱ्याच्या हातून. पुढच्या तोंडाने रॉड घालून घासलेली असेल तर तोंडाची कड एका बाजूने खाल्ली जाते. भिंग घेऊन बघा, कड सगळीकडून सारखी हवी. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे बोअरस्कोपने (नळीच्या आत बघायच्या यंत्राने) बघून घ्या. रेंजवरच्या जाणत्या माणसाकडे तो असतो. आणि विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या ग्रुपच्या कागदावर जाऊ नका, माझ्यासारख्या हुरळाल. आजच्या लॉटने, तुमच्यासमोर, दहा-दहाचे चार ग्रुप.

कागदपत्रांचं थोडक्यात. खासगी व्यक्तीकडून हत्यार घेताना विकणाऱ्याने आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि मध्ये ४५ दिवस जावे लागतात. सवलतीत आयात केलेल्या रायफलीच्या विक्रीवर वेगळ्या अटी असतात, त्या त्यांच्या आयातीच्या कागदांवर स्वतः वाचा, फोनवरच्या आश्वासनावर राहू नका. रायफलीवरचा नंबर आणि त्यांच्या परवान्यावरचा नंबर अंक-अंक जुळवा. मुलीच्या परवान्यावर काडतुसांची मर्यादा किती लिहिली आहे तेही बघा, कारण वरचा चौदा हजारांचा हिशेब तिथे येऊन अडकतो. नवी आयात करायची असेल तर राष्ट्रीय संघटनेमार्फत जा. ठरावीक गुणांवर 'रिनाउंड शॉट' म्हणून नोंद झालेल्या नेमबाजांना आयातीत शुल्काची सवलत मिळते. मुलगी त्या उंबरठ्यावर असेल तर एक हंगाम थांबण्यात शहाणपणा आहे. प्रशिक्षकांना हे नेमकं विचारा. एअर रायफल घरी आणताना तुम्हाला यातलं काही करावं लागलं नव्हतं, म्हणून एवढं बजावून सांगतेय. घरी लोखंडी कपाट हवं, बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात. आपल्याकडच्या पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि भिजलेल्या जॅकेटशेजारी रायफल नको. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांकडे हत्यार जमा करण्याबाबत विचारणा होते. मुलगी नेमबाज असल्याचे कागद तेव्हा शोधत बसू नका, एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवा.

राहिलं तुमचं ते वाक्य, मोठ्या शहरातल्या मुलींपुढे दबण्याचं. मी ते हसण्यावारी नेणार नाही. बालेवाडीच्या रेंजवर पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या लेनवरच्या मुलीची केस उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला होता. दबायला होतं. पण दबायला नेमकं कशाने होतं ते जरा उकलून बघा. क्लबची रायफल चार जण वापरतात. सकाळी कुणी उंच मुलगा चीकपीस वर करून जातो, दुपारी तुमची मुलगी येते, तिच्या वहीत लिहिलेल्या आकड्यांवर सगळं परत आणते, तरी एक स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे राहतो. दोन वर्षं ती दर दिवशी अर्धा तास दुसऱ्याची रायफल आपली करण्यात घालवतेय. त्या अर्ध्या तासाने माणूस दबतो. स्वतःची रायफल आली की हे एका दिवसात संपतं, मग ती तिघींपैकी कुठलीही असो. आज लावलेला स्क्रू उद्या तिथेच असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद आणलं. गावाचं नाव पाहून कुणाला कमी गुण मिळत नाहीत, हा या खेळाचा मोठा गुण आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटला आडनावही कळत नाही.

आणि दोन माग विकायचे म्हणताय. आठातले दोन म्हणजे घरातली पाव कमाई. ती रायफल हातात घेताना मुलीला ते दोन माग रोज दिसतील. स्टँडिंगमध्ये शेवटच्या पाच गोळ्या राहिल्या असताना ट्रिगरवरच्या बोटाला दोन मागांचं वजन पेलायला लावू नका. शंभर ग्रॅमच्या आसपासचा ट्रिगर असतो तो.

माझं मत विचारलंत तर असं: पुण्याची १९१३ आधी बघा. स्टॉक तिला बसला, खुणा असलेला असला, ग्रुप आले, कागद स्वच्छ असले, तर तीच घ्या आणि वाचलेल्या पैशांत काडतुसं आणि नवं जॅकेट. नाही बसली तर वॉल्थर, पण क्लबात वा ओळखीत कुणाची तरी केके ५०० एक दिवस मागून झोपून, बसून, उभं राहून पाहिल्यावरच. ब्लायकरचा विचार ती पात्रता फेरीत नियमित ५८५च्या पुढे जाऊ लागली की करू. तेव्हा पैसा कदाचित तुमचा नसेलही, नोकरीचा किंवा प्रायोजकाचा असेल. नेमबाज घडले की रेल्वे, पोलीस, सैन्य त्यांना घेतं. कुसाळे मध्य रेल्वेतच तिकीट तपासनीस होता. या क्रमाशी प्रशिक्षक सहमत नसतील तर त्यांचं ऐका, मुलीला मी बघितलेली नाही, त्यांनी बघितली आहे. त्यांच्याकडे नेमाची हालचाल नोंदवणारं स्कॅटसारखं यंत्र असेल तर तिचा उभ्याचा आलेख मागा. गोळी सुटायच्या आधीच्या एका सेकंदात नेम नऊ-आठच्या वर्तुळात भटकत असेल तर रायफलीचा वाद तूर्त मिटला.

याच कोड्यात असलेल्या दुसऱ्यांची पत्रंही माझ्या टेबलावर आहेत. साताऱ्याचा एक मुलगा दोन जर्मन मॉडेलांत अडकलाय, नागपूरची एक आई दोन स्टॉकांत. त्यांनाही उत्तर हेच, रायफल बदलून बदलून एकाच लॉटने, एकाच दिवशी, वाऱ्याचा विचार करून मारून बघा. सेकंदाला मीटरभर वेगाचा आडवा वारा, ज्याने झेंडी नुसती थरथरते, तोसुद्धा ५० मीटरवर गोळी पाचेक मिलिमीटर ढकलतो. सकाळी शांत हवेत एक रायफल आणि दुपारी वाऱ्यात दुसरी मारून निकाल लावलात तर तुम्ही रायफल नाही, हवामान तपासलंत.

पुण्याला जाल तेव्हा बरोबर तिचं स्वतःचं जॅकेट, ग्लव्ह, निलिंग रोल आणि सेटिंगची वही घ्या. स्टीलची पट्टी घ्या, भिंग घ्या. विकणाऱ्याकडे एक तास मागा. तिला आधी डोळे मिटून पोझिशन घ्यायला सांगा, मग डोळे उघडून डायॉप्टरमधून बघू दे. वर्तुळ आपोआप मध्ये दिसतंय, की मान ते शोधत फिरतेय, हे तिचं तिलाच कळेल. त्या तासात तिला कुणी काही विचारू नका, किंमतही काढू नका. तुम्ही बाहेर चहा प्या. ती बाहेर आली की आधी तिला बोलू द्या.